ताजा बांगडा, सुका बांगडा, पाकिटातला बांगडा: जीएसटी नेमका कशावर नाही?

प्रश्न एका दुकानदार ताईंचा आहे. गुहागरच्या बाजूला, रस्त्याला लागून त्यांचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्या हातून त्यांच्याकडे आलेलं. धान्य, कडधान्य, तेल, साखर, घरच्या बागेतले नारळ-सुपारी, शेजारच्या बायकांनी आणून दिलेली सुकी मासळी आणि आमसुलं, असा सगळा माल. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं ५ किलो तांदळाच्या पिशवीचं बिल पाहून वाद घातला, "तांदळावर जीएसटी नसतो, तुम्ही लावलात कसा?" ताईंनी घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर ५ टक्के बघितले होते, म्हणून आपल्या बिलावरही तेच लिहिले. आता त्या विचारतात: रोजच्या वापरातल्या कोणकोणत्या वस्तू करमाफ आहेत, बरोबर कोण, आणि यंदा सगळी मिळून विक्री ४६ लाखांपर्यंत जाईल असं दिसतंय तर नोंदणी घ्यावी लागेल का?

ताई, तांदळाच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. पिशवी कंपनीची, सीलबंद आणि छापील असेल तर तिच्यावर ५ टक्के आहेच. पण बिलावर तो कर वेगळा लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता. तुमची नोंदणी नाही, आणि नोंदणी नसलेल्या दुकानदारानं गिऱ्हाइकाकडून जीएसटी म्हणून एक रुपयाही घ्यायचा नसतो. व्यापाऱ्याला तुम्ही दिलेला कर तुमच्या खरेदीच्या किमतीत धरायचा आणि पिशवीची एकच किंमत सांगायची. हे आजपासूनच बदला. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी रत्नागिरी जिल्ह्यात कर सल्लागाराचं काम व्हॅटच्या दिवसांपासून करतोय. "तांदूळ माफ आहे का?", "मासे माफ आहेत का?" असे प्रश्न रोज येतात आणि मला दर वेळी उलट विचारावं लागतं: कसला तांदूळ, सुटा की पिशवीतला? कसली मासळी, ओली की सुकी, आणि सुकी असेल तर कशात भरलेली? कायदा वस्तूचं नाव ऐकून थांबत नाही. ती वस्तू कोणत्या रूपात गिऱ्हाइकाच्या हाती जाते, ते तो बघतो. एवढी एक गोष्ट पक्की बसली की यादी पाठ करायची गरज उरत नाही.

यादी अर्थात आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाला, त्याच्या तीन दिवस आधी, २८ जूनला, करमाफ वस्तूंची अधिसूचना निघाली. ती क्रमांक २. पुढची आठ वर्षं तिच्यात दुरुस्त्या होत राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची मोठी फेररचना झाली तेव्हा तिची जागा अधिसूचना क्रमांक १० नं घेतली. ती २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. तेव्हा २०१७ किंवा २०२२ सालचा एखादा तक्ता मोबाईलवर फिरत आलेला असेल तर त्यावर दुकान चालवू नका. त्यातलं बरंचसं आजही खरं आहे, पण जे बदललंय तेच नेमकं रोजच्या विक्रीतलं आहे.

सुरुवात मासळीनं करतो, कारण आपल्याकडे तीच सगळ्यात जास्त घोळ घालते आणि नियम समजायलाही तीच सगळ्यात सोपी.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच लिलाव होतो. तिथे टोपलीत पडलेला बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी, सगळं करमाफ. तीच मासळी बर्फात घालून चिपळूणच्या बाजारात आली तरी करमाफ, कारण ताजी आणि बर्फातली अशा दोन्ही मासळीला माफी आहे. आता ती वाळवली. बोंबील दोरीवर सुकवले, बांगडा मीठ लावून खारवला, कोळंबीचे सोडे केले, जवळा चटईवर पसरून वाळवला. गोणीतून किंवा टोपलीतून, तागडीत घालून मापून विकलात तर अजूनही कर नाही. पण तेच सोडे पाव किलोच्या पाकिटात आधीच भरून, सील करून, वर नाव-वजन-किंमत छापून विकायला ठेवलेत की ५ टक्के लागू होतात. गोठवलेल्या मासळीचंही तसंच: पाकिटबंद आणि लेबल लावलेली असेल तर ५ टक्के, नाहीतर नाही.

मासा तोच, कर मात्र पाकिटामुळे आला. २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत सुक्या आणि गोठवलेल्या मासळीवर सरसकट ५ टक्के होते. मग ते फक्त ब्रँडच्या पाकिटांपुरते राहिले. १८ जुलै २०२२ पासून "ब्रँड" ही अट गेली आणि तिच्या जागी "आधीच पाकिटबंद केलेलं आणि लेबल लावलेलं" ही अट आली. धान्य, कडधान्य, पीठ, पोहे, गूळ, दही, ताक, मध, सगळ्यांना हीच अट त्याच दिवशी लागली. त्याआधी छोटे पॅकिंगवाले ब्रँड नोंदवतच नसत आणि कर टाळत. तो रस्ता बंद करायचा हा हेतू होता. झालं असं की गावातला सीलिंग मशीनवालाही त्याच जाळ्यात आला.

आता हे "पाकिटबंद आणि लेबल लावलेलं" म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या दुकानातला निम्मा माल याच शब्दांवर अडतो.

ही व्याख्या जीएसटी कायद्यानं २००९ च्या वजनमापे कायद्यातून उचलली आहे. गिऱ्हाईक समोर नसताना, ठरावीक वजन करून वस्तू पाकिटात घातली तर ती आधीच पाकिटबंद केलेली. आणि त्या पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन, किंमत वगैरे मजकूर लिहिणं कायद्यानं बंधनकारक असेल तर ती लेबलवाली. इथे शब्द "बंधनकारक असेल तर" असे आहेत, "लिहिला असेल तर" असे नाहीत. यावर फसलेले लोक मी बघितलेत. दापोलीकडच्या एका बचत गटाच्या खोलीत मी बसलो होतो. एक बाई नाचणीचं पीठ तराजूवर अर्धा किलो मोजून प्लास्टिकच्या पिशवीत घालत होती, दुसरी पिशवीचं तोंड मशीनच्या गरम पट्टीखाली दाबत होती. टेबलावर चाळीसेक पिशव्या रचून झाल्या होत्या, एकीवरही लेबल नाही. गटाच्या अध्यक्षा मला म्हणाल्या, "आम्ही मुद्दाम लेबल लावत नाही सर, म्हणजे कर लागत नाही." मला वाईट वाटलं, कारण त्यांनी मनापासून आणि प्रामाणिकपणे हे केलं होतं. पण लेबल न लावल्यानं कर टळत नाही. वजनमापे कायद्यानं जो मजकूर हवा तो नाही म्हणजे उलट दुसरी चूक झाली. केंद्र सरकारनं जुलै २०२२ च्या खुलाशात नेमकं हेच उत्तर दिलंय: मजकूर असायला हवा होता पण छापला नाही, तरी माल लेबलवालाच धरला जाईल.

त्या गटाची वार्षिक विक्री काही लाखांत होती आणि नोंदणीची गरज नव्हती, म्हणून कराचा प्रश्न तिथे उभाच राहिला नाही. त्यांना मी एवढंच सांगितलं की लेबल व्यवस्थित छापून लावा, त्यानं तुमचं काही जाणार नाही. गिऱ्हाइकाला माल कुणाचा ते कळेल, एवढा फायदाच होईल.

तुमच्या दुकानात याचा अर्थ असा. गोणी उघडून, गिऱ्हाईक समोर उभं असताना तुम्ही दोन किलो तांदूळ तागडीत मोजून कागदी पिशवीत ओतता, तो सुटा माल, करमाफ. रात्री दुकान बंद केल्यावर बसून तुम्ही एकेक किलोच्या पन्नास पिशव्या भरून ठेवता, तो आधीच पाकिटबंद केलेला माल. किराणा दुकानात ही सवय सगळ्यांना असते, सकाळच्या घाईत बरं पडतं म्हणून. नोंदणी झाल्यावर ती सोडा, किंवा त्या पिशव्यांवर कर धरा.

२५ किलोची रेघही लक्षात असू द्या. धान्य, डाळी, पीठ अशा मालाचं पाकीट २५ किलोपर्यंतचं असेल तरच त्यावर कर येतो. ३० किंवा ५० किलोच्या एका गोणीवर नाही. २०२२ नंतर बाजारात २६ किलोच्या गोण्या दिसायला लागल्या त्या याचमुळे. मात्र ५ किलोच्या दहा पिशव्या एका मोठ्या गोणीत घालून दिल्या तर त्या दहाही पिशव्या करपात्र राहतात. तुम्ही २५ किलोची छापील पिशवी आणून ती उघडून सुटी विकता तेव्हा तुमच्या विक्रीवर कर नाही, पण व्यापाऱ्याला दिलेले ५ टक्के तुमच्या अंगावर बसलेले असतात. त्यापेक्षा ५० किलोची गोणी घ्या, किंवा आपल्याच भागातल्या शेतकऱ्याचा उकडा तांदूळ थेट घ्या. तिथे कराचा प्रश्नच येत नाही आणि गिऱ्हाइकाला तुम्ही भाव दोन पैसे कमी सांगू शकता.

हीच सुटं-पाकीट अट कुळीथ, मूग, तूर, बेसन, रवा, गव्हाचं पीठ, पोहे, चुरमुरे, गूळ यांना लागू आहे. दही, ताक, लस्सी यांनाही.

काही वस्तूंना मात्र पाकिटाची अटच नाही, त्या कशाही विका, माफच आहेत. मीठ. खडा मीठ असो, आयोडीनचं पाकीट असो, सैंधव असो. दूध, पिशवीतलंही. अंडी. पाव. पापड. ताज्या भाज्या, कांदे-बटाटे, ताजी फळं. ओलं आलं, ओली हळद. विड्याची पानं. २२ सप्टेंबर २०२५ पासून यात टेट्रा पॅकमधलं दूध, पाकिटबंद पनीर आणि चपाती-पराठे-खाकरा आले. पनीरचा गोंधळ फार झाला, कारण त्याच दिवसापर्यंत पाकिटातल्या पनीरवर ५ टक्के होते. लोणी, तूप, चीज मात्र माफ झालेलं नाही, १२ वरून ५ टक्क्यांवर आलंय.

आणि काही वस्तू सुट्या दिल्या तरी करमाफ नाहीत. साखर, चहा, गोडंतेल, वाळलेली हळद, मिरी, मिरची पूड, गरम मसाला यांवर ५ टक्के. साखरेवर कर आणि सुट्या गुळावर नाही, हे अजून पुष्कळ दुकानदारांना माहीत नसतं.

आता तुमच्या बागेकडे येतो, कारण कोकणातल्या दुकानाची खरी गुंतागुंत परसातल्या मालात असते.

आंबा ताजा असेल तर माफ. पेटीत भरा, खोक्यात भरा, वर बागेचं नाव छापा, २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा शिक्का मारा, काही फरक पडत नाही, कारण ताज्या फळाला पाकिटाची अट नाही. आंब्याचा रस काढून डब्यात भरलात की माफी संपली. आमरसाच्या डब्यावर कर किती यावर वर्षानुवर्षं वाद होते. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानं १२ टक्के हा दर नक्की केला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ५ वर आला. तुमच्याकडे कुणी घरगुती डबे विकायला ठेवत असेल तर ते करपात्र विक्रीत धरा.

नारळ असोला द्या, सोलून द्या, सुका द्या, माफ. पण तेलाच्या घाण्यावर जाणारं सुकं खोबरं, म्हणजे बाजारात ज्याला कोप्रा म्हणतात, त्याच्यावर ५ टक्के. हा भेद ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेला आहे, आणि खोबऱ्याचा व्यापार असणाऱ्यानं तो वाचायलाच हवा. शहाळं माफ, शहाळ्याचं पाणी सीलबंद लेबलवाल्या बाटलीत भरलं की ५ टक्के. करवंटी नुसती फोडून विकलीत तर माफ. माडाच्या हिरांचा खराटा आणि केरसुणीही माफच. सुपारी ओली असेल तर माफ, वाळली की ५ टक्के, सोललेली असो वा नसो. आपल्याकडे सुपारी वाळवूनच विकतात, तेव्हा दुकानात ती करपात्र समजून चला.

चिंच आणि आमसूल या दोघांना मी मुद्दाम जोडीनं घेतोय. वाळलेली चिंच १ ऑक्टोबर २०१९ पासून नाव घेऊन माफ केलेली आहे. आमसुलाचं तसं नाव कुणी घातलेलं नाही. माझ्या पक्षकारांची आमसुलं मी वाळलेल्या फळांत धरून ५ टक्क्यांनी दाखवतो. कोकणातल्या घरोघरच्या आमटीत पडणारी ही वस्तू चिंचेच्या शेजारी बसायला हवी, असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्या व्यवसायातल्या बैठकांत मी ते दर वेळी बोलतो. पण हिशेब यादीप्रमाणेच ठेवावा लागतो.

इथे एक दिलासा लक्षात ठेवा. स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती नोंदणीच लागत नाही. तुमच्या सासूबाई स्वतःच्या बागेतली मिरी वाळवून विकत असतील तर मिरीवर दर ५ टक्के असला तरी त्यांना कर भरायचा नाही. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत मिरी आणि मनुकांबद्दल हे नाव घेऊन स्पष्ट केलं गेलं. शेतकऱ्याकडून घेऊन पुढे विकणारा नोंदणीकृत दुकानदार मात्र कर लावतो.

किराण्याखेरीजचा माल थोडक्यात सांगतो. कुंकू, टिकल्या, काचेच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्या, काजळ (पेन्सिल सोडून), राख्या, जानवं, समईच्या वाती हे सगळं माफ. अगरबत्तीवर ५ टक्के. मातीची पणती, मडकं, माठ माफ. मातीची गणेशमूर्ती माफ, दगड-संगमरवर-लाकडाच्या देवमूर्ती जुलै २०१८ पासून माफ. प्लास्टरची मूर्ती या शब्दांत कुठेच बसत नाही, म्हणून गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती आणून विकणाऱ्यांनी शाडूच्या आणि प्लास्टरच्या मूर्तींचा हिशेब वेगळा ठेवावा. पत्रावळी आणि द्रोण पानांचे असतील तर माफ. सॅनिटरी पॅड २७ जुलै २०१८ पासून माफ, आणि हा निर्णय व्हायला वर्ष लागलं याची मला अजून चुटपुट आहे. पुस्तकं आणि वर्तमानपत्रं माफ. वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, रंगखडू २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ. पेनला ही सवलत नाही. कोयता, विळा, कुदळ, फावडं, कुऱ्हाड ही हातानं वापरायची शेतीची अवजारं माफ, पण घमेलं त्यातून नाव घेऊन वगळलेलं आहे. गुरांचं, कोंबड्यांचं आणि कोळंबीचं खाद्यही माफ.

आता वह्यांवरून आठवलं ते सांगतो, कारण हे तुमच्याबाबतीतही होऊ शकतं. माझ्या एका पक्षकाराचं स्टेशनरी आणि किराण्याचं दुकान आहे. संगणकावर बिल करतो. सप्टेंबरात दर बदलले, पण त्याच्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये वह्या १२ टक्क्यांवर आणि पनीर ५ टक्क्यांवर तसंच राहिलं. दिवाळीनंतर शाळा उघडल्या तेव्हा एका शिक्षिकेनं बिल दाखवलं आणि मग हे लक्षात आलं. दीडेक महिना त्यानं माफ वस्तूंवर लोकांकडून कर घेतला होता. त्याला वाटलं, कर लागतच नव्हता तर पैसे आपल्याकडे राहतील. तसं होत नाही. कर म्हणून गोळा केलेली रक्कम, चुकून का होईना, सरकारजमाच करावी लागते, कायद्याचं कलम ७६ त्यासाठीच आहे. आणि पूर्ण माफ असलेल्या वस्तूवर "मी आपणहून कर लावतो" असंही म्हणता येत नाही. त्यानं सगळी रक्कम भरली. त्या दुकानातून वह्या घेणारी बहुतेक मुलं झेडपीच्या शाळेतली, त्यांच्या आईबापांच्या खिशातून गेलेले ते पैसे परत कुणाला देणार, हे मला आजही टोचतं. दर बदलले की त्याच रात्री प्रोग्रॅममधली प्रत्येक वस्तू तपासा.

मुंबईच्या पाहुण्याचा राग मला समजतो, कारण लोकांना वाटतं माफ म्हणजे त्या वस्तूत कर शून्य. तसं नसतं. बोटीवरच्या बर्फावर ५ टक्के आहेत, जाळ्यावर ५ टक्के आहेत. डिझेल तर जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. मच्छीमारानं हे सगळं भरलेलं असतं. त्याची मासळी माफ आहे, म्हणून बर्फ-जाळ्यावर भरलेल्या कराची वजावट त्याला कुणी देत नाही. तो कर भावात मिसळून जातो. निर्यातीचं तसं नाही: रत्नागिरीतून कोळंबी परदेशी गेली तर ती "शून्य दरा"ची, आणि निर्यातदाराला मागे भरलेला कर परत मिळतो. माफ आणि शून्य दर हे दोन वेगळे शब्द आहेत. बोलताना ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातूनच चुकीचे हिशेब लिहिले जातात.

आता तुमच्या नोंदणीचं.

फक्त करमाफ वस्तू विकणाऱ्याला, विक्री कितीही असो, नोंदणी लागत नाही. रोज लाखाची ओली मासळी विकणारी बाई नोंदणीशिवाय धंदा करते ते कायदेशीरच आहे. पण दुकानात एक जरी करपात्र वस्तू असेल, तर मर्यादा मोजताना माफ आणि करपात्र दोन्ही विक्री एकत्र धरावी लागते. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यासाठी ती मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. तुम्ही सांगितलेल्या ४६ लाखांत साधारण ३० लाख सुटं धान्य, नारळ, मासळी असा माफ माल असेल आणि १६ लाख साखर, तेल, मसाले, साबण वगैरे असेल, तरी बेरीज ४६ च. ज्या दिवशी ४० लाख ओलांडाल त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. उशीर करू नका, नंतर व्याजासकट कर भरावा लागतो.

घराच्या वरच्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं देत असाल तर मला ते आधीच सांगा. ती सेवा झाली, आणि मग मर्यादा ४० ऐवजी २० लाख होते. दुकानाची आणि खोल्यांची मिळून. वेळणेश्वर, हेदवीच्या पट्ट्यात हे मी फार बघतो. आणि करपात्र माल गोव्यात किंवा कर्नाटकात पाठवलात तर मर्यादा उरतच नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी. बांद्याच्या पलीकडे मसाल्याची पार्सलं पाठवणाऱ्या सावंतवाडीच्या दुकानदारांना हे कुणी वेळेवर सांगत नाही.

तुमच्यासारख्या दुकानाला मी कंपोझिशन योजना सुचवीन. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर ती घेता येते. व्यापाऱ्याला कर १ टक्का, आणि तोही फक्त करपात्र विक्रीवर. म्हणजे १६ लाखांवर १६,००० रुपये वर्षाला. दर तिमाहीला रक्कम भरायची, वर्षातून एकदा विवरणपत्र. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही, खरेदीवरच्या कराची वजावट नाही, राज्याबाहेर विक्री नाही. बिलाला "टॅक्स इनव्हॉइस" म्हणायचं नाही, "बिल ऑफ सप्लाय" म्हणायचं, आणि वर लिहायचं की मी कंपोझिशनमधला करदाता आहे, कर वसूल करण्यास पात्र नाही. त्या पाहुण्याशी झाला तसा वाद मग होणार नाही.

सही करण्याआधी एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगा: मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून काजू बी घेता का? काजूला माफी नाही, ना बीला ना गराला. आणि सालासकटची बी शेतकऱ्याकडून नोंदणीकृत दुकानदारानं घेतली तर तिच्यावरचे ५ टक्के शेतकऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं भरायचे असतात. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. कंपोझिशनमध्ये ही रक्कम पूर्ण ५ टक्क्यांनी आणि खिशातून जाते, वजावट मिळत नाही. दोन लाखांची बी घेतलीत तर १०,००० रुपये, वरच्या १६,००० च्या शिवाय. हंगामात बी गोळा करून कारखान्याला देण्याचा तुमचा धंदा मोठा असेल तर साधी नोंदणी परवडेल, तिथे भरलेला कर पुढच्या विक्रीच्या करातून वळता होतो. गेल्या दोन हंगामांतली बीची खरेदी वहीतून काढून ठेवा, किलो आणि रक्कम दोन्ही, म्हणजे कोणता फॉर्म भरायचा ते आकड्यांवरून ठरवता येईल.